ताटलीवरचं दुसरं नाव

तनिष, त्या स्टीलच्या ताटलीत भात वाढ, झाकण घाल आणि दाराबाहेर ठेवून ये. हसतोस काय? श्रिया, तूही फोन ठेव. ही गोष्ट माझ्या मित्राची, अनिलची. अर्धी माझ्या डोळ्यांदेखत घडलीय, म्हणूनच सांगायची लाज वाटते.

अनिलचं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात डब्यांचं किचन होतं. ऑर्डरी मी घ्यायचो. इख्लास नावाची सुदानी बाई कामाला आली. अनुभव काय, विचारल्यावर तिने अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं. तिकडे देशातल्या देशात लढाई पेटली. गल्लीतले पुरुष बाहेर दिसले की बंदूकवाले उचलून न्यायचे. मग बायकांनीच दोनशे जणांचं रांधलं, कपड्यांत लपवून औषधं नेली, जखमा शिवल्या, मढी धुतली. जेवण तयार, रस्ता मोकळा, की झाकणावर डाव तीनदा वाजवायचा.

"म्हणजे स्वयंपाकीणच की," अनिल मला म्हणाला. आम्ही दोघंही हसलो.

कामाला बाई वाघ होती. फक्त रोज रात्री एक ताटली झाकून मागच्या दाराशी ठेवायची. अनिलला वाटलं, चोरून कुणाला तरी देते. आपली खोड माहितीय ना, चमच्यावरसुद्धा नाव घालतो. त्याने सगळ्या स्टाफसमोर ताटलीच्या काठावरचं नाव दाखवलं, 'सौ. मंजुषा'. म्हणाला, "ही माझ्या बायकोची. तुझी आहे का?"

ती म्हणाली, "माझी हनान आठ वर्षांची. डबा पोचवायला गेली, परत आली नाही. तिचं जेवण राहिलंय."

अनिलने भात कचऱ्यात ओतला. "खलास. उद्यापासून येऊ नकोस."

मी तिथेच उभा होतो. ब्र काढला नाही.

ती सुदानला, आपल्या गल्लीत परत गेली. महिन्याभरात कळलं, जेवण वाढत असतानाच तोफगोळा पडला, त्यात ती गेली.

मग ती रात्र. दोन हजार चोवीस, चौदा नोव्हेंबर, गुरुवार. फ्रीझर बंद पडल्याचा मेसेज आला म्हणून अनिल एकटाच किचनवर गेला. पावणेदोन वाजले होते. फ्रीझर चालू होता. तो निघणार, तेवढ्यात...

झाकणावर डाव वाजला. एकदा. दोनदा. तीनदा.

आत कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं. दारात एक मुलगी. अनवाणी. दोन्ही हात पुढे केलेले.

"युम्मा?" आई कुठेय, म्हणून.

अनिलने भांडी धुंडाळली. सगळी घासून पालथी घातलेली. शिताचाही पत्ता नाही. हाताला लागली ती ताटली त्याने पुढे केली. रिकामी. आणि सवयीने तोंडातून गेलं...

"खलास."

ती नुसती बघत राहिली. मग ताटली घेऊन गेली.

"आजोबा, इज धिस ट्रू?"

ऐक आधी, तनिष. सकाळी वॉचमन मुश्ताकला ताटली दारात मिळाली. धुतलेली, ओली. 'सौ. मंजुषा'च्या खाली तशाच ठिपक्यांनी अरबीत काहीतरी कोरलेलं. मुश्ताकने वाचलं. हनान.

अनिल ती घरात ठेवेना. मी आणली. तेव्हा बोललो नाही, आता एवढं तरी करतो. तू मघाशी बाहेर ठेवलीस ना, तीच ती. जा, काठावर बघून ये.

आणि भात गार झाला असेल तर बदल.