डावं पाऊल

कुणीही भेटलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो, चेहरा मागाहून. धंद्याची खोड. आमची ओळख झाली तेव्हाही मी आधी तिच्या चपलाच पाहिल्या, असं बायको पूर्वी सगळ्यांना हसत सांगायची.

ज्यांची पावलं वाकडी किंवा लहानमोठी असतात त्यांच्यासाठी मी बूट बनवतो. पावलाचा ठसा घ्यायचा, त्यावरून लाकडी साचा कोरायचा, साच्यावर चामडं चढवायचं. लहान मुलांचे बूट करायला लागलो ते आमच्या मुलीमुळे. तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं आणि टाच जमिनीला टेकायची नाही. पाय वाढला की नवा साचा. शेवटचा साचा फळीवरच राहिला. पुढे गरजच पडली नाही. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली.

त्या घरात राहणं बायकोला अशक्य झालं, म्हणून आम्ही दोन घरं पाहिली.

पहिलं नव्याने आखलेल्या वसाहतीत होतं. मधोमध शाळा, भोवती बागा, दारोदारी सायकली आडव्या पडलेल्या. घर दाखवणारा माणूस भलताच उत्साही होता. तुमच्या मुलांना शाळेत जाताना रस्तासुद्धा ओलांडावा लागणार नाही, म्हणाला. बायको गाडीत जाऊन बसली.

मला मात्र ते घर हवं होतं. मुलगी गेल्यापासून ही एकदाही रडली नव्हती. समोर ठेवलं की खायची, भांडी घासायची आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायची. मुलांचा गलका कानावर पडला तर आज ना उद्या तिला रडू फुटेल आणि ती माझ्याकडे परत येईल, असं मला वाटत होतं.

दुसरं घर एका गोल्फ क्लबच्या आवारात होतं. राहणारे सगळे निवृत्त. मुलंबाळं असलेल्यांना तिथे घर देतच नसत. हिरवळ अशी की तिच्यावर चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. संध्याकाळ होत आली होती. वाळूच्या एका खड्ड्याभोवती पाच-सहा म्हातारी माणसं उभी होती आणि एक आजोबा लांब दांड्याच्या दाताळ्याने वाळू सारखी करत होते. खेळातली रीतच आहे, घर दाखवणारी मुलगी म्हणाली, वाळूत उतरलेल्याने आपल्या पावलांच्या खुणा पुसूनच बाहेर यायचं. पण आज खेळलं कोण, असं मी विचारलं. ती पर्समध्ये चाव्या शोधायला लागली. चाव्या तिच्या हातातच होत्या.

"इथे शाळेची बस येत नाही ना?" बायकोने एवढंच विचारलं.

नाही म्हटल्यावर, हेच घेऊ म्हणाली. दवाखाना लांब आहे, बाजार लांब आहे, सगळं सांगून पाहिलं. शेवटी मी हात टेकले.

राहायला गेलो त्याच आठवड्यात शेजारच्या निवृत्त शिक्षिका भेटायला आल्या. पाणी प्यायल्या, पडद्यांचं कौतुक केलं आणि मग तितक्याच साध्या आवाजात बायकोला म्हणाल्या, "केवढी होती तुमची?"

आम्ही तिथे कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. बायकोने वय सांगितलं. बाईंनी मान हलवली.

"माझा त्याहून लहान. संध्याकाळी या. आज दाताळं तुमच्याकडे."

नको जाऊस, असं मी म्हणालो. ती गेली.

मग ती रोज पहाटे उठायला लागली. केस विंचरायची, स्वच्छ कपडे घालायची आणि उजाडताच बाहेर पडायची. परत आली की तिला सपाटून भूक लागलेली असायची. एकदा ती गुणगुणताना ऐकू आली. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

वसाहतीतलं ते घर अजून विकलं गेलं नव्हतं. मी फोन करून खात्री केली. हिला ओढत का होईना, पण हसत्याखेळत्या माणसांत न्यायचं, असं ठरवून एका सकाळी मी तिच्या मागोमाग गेलो.

धुकं होतं. खड्ड्याच्या काठावर सगळे उभे होते. संध्याकाळी सारखी केलेली वाळू पावलांनी भरून गेली होती. लहान, अनवाणी पावलं. गोल गोल धावलेली. एके ठिकाणी कुणीतरी घसरून पडलं होतं.

बाहेरची पोरं येत असतील, मी स्वतःला समजावलं. कुंपण माझ्या डोक्याच्या वर होतं. काठावरच्या गवतात दव पडलेलं होतं आणि त्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

शिक्षिका एका ठशापाशी वाकल्या होत्या. आजोबा चष्मा पुसत होते.

"चल घरी," मी बायकोला म्हणालो. "ते वसाहतीतलं घर अजून आहे. आपण तिकडे जाऊ."

तिने नुसतं बोट दाखवलं.

डावं पाऊल आत वळलेलं होतं. टाच उमटली नव्हती.

मी गुडघ्यांवर बसलो. खिशात मोजपट्टी असतेच. मोजलं. पुन्हा मोजलं.

फळीवरच्या साच्यापेक्षा ते बोटभर लांब होतं.

रडू फुटलं ते मला. बायको माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वसाहतीतल्या घरासाठी मी पुन्हा फोन केला नाही. दुपारी फळीवरचा जुना साचा उतरवून बाजूला ठेवला आणि लाकडाचा नवा ठोकळा घेतला. बायको शेजारी येऊन बसली. बराच वेळ माझे हात बघत होती.

"थोडं सैलच ठेव," ती म्हणाली. "तिचा पाय फार भराभर वाढतो."