हातगुण

जानेवारीतल्या एका रविवारी इश्बेल गथ्रीने सूपासाठी सलगम चिरायला घेतला आणि सुरी सटकून स्वतःचंच बोट कापून घेतलं. डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या जरा खाली. आतड्याच्या ऑपरेशनांसाठी अख्ख्या डंडी शहरात नावाजलेल्या सर्जनबाईंना घरचा सलगम चिरता येत नाही, हे इस्पितळात कळलं असतं तर नर्सांनी तिला वर्षभर पिडलं असतं. कापलं होतं चांगलं खोल, पण रक्त फारसं आलं नाही. तिने बोट नळाखाली धरलं, चिकटपट्टी गुंडाळली आणि पुन्हा सलगमाकडे वळली. बाहेर टे नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, म्हणून दिवा लावूनच ती चिरत होती.

तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. वॉली मिलची आतली शिवण गळत होती.

वॉली म्हणजे नदीवरच्या रेल्वेपुलाला रंग देण्यात आयुष्य घालवलेला म्हातारा. पूल एका टोकाकडून रंगवत दुसऱ्या टोकाला जायचं, तोवर पहिलं टोक गंजलेलं असायचं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि वर पेपरमिंटची गोळी द्यायचा. आदल्या सोमवारी इश्बेलने त्याच्या आतड्यातली गाठ काढून दोन्ही टोकं जोडली होती. या कामात सर्जनने टोकं जवळ आणून शिवायची असतात, एवढंच. पुढे ती भरून येणं हे ज्याचं त्याच्या शरीराचं काम.

तिने धावतपळत जाऊन पोट पुन्हा उघडलं. शिवण गळते तिथे सूज असते, शरीराने धडपड केल्याच्या खुणा असतात. वॉलीचं बाकीचं पोट पेटलेलं होतं, पण शिवणीपाशी तसलं काहीच नव्हतं. एकही टाका तुटलेला नव्हता. दोन्ही कडा फिकट आणि स्वच्छ, आत्ताच कापल्यासारख्या. धाग्यांखेरीज त्यांना धरून ठेवणारं काही नव्हतंच. इतक्या दिवसांत वॉलीचं शरीर त्या जागेकडे फिरकलंच नव्हतं.

दोन दिवसांनी वॉली गेला. पानगळीपासून तिच्या हाताखाली दगावलेला हा तिसरा.

त्याची बायको नॅन इस्पितळाच्या व्हरांड्यात भेटली. इश्बेल काय बोलावं याची जुळवाजुळव करत होती, तर तीच म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो, बाई. तुमच्या हाताला गुण आहे. आमच्या शेजारणीला तुम्हीच उठवून उभं केलंत. आमचं माणूसच हेकट. जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, आता तुमच्या टाक्यांचं काय ऐकणार?" आणि तिने कोटाच्या खिशातून पेपरमिंटचा अर्धा पुडा काढून इश्बेलच्या हातात ठेवला. "तुमच्यासाठी ठेवल्या होत्या त्यांनी."

इश्बेल गाडीत जाऊन बसली आणि पोटभर रडली. नॅनने चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं.

या इस्पितळात दगावलेल्या रोग्यांबद्दल दर महिन्याला एक बैठक होते. सगळे सर्जन बसतात, ऑपरेशनचं चित्रण पडद्यावर लावतात आणि चूक कुठे झाली ते शोधतात. दोष कुणाला द्यायचा नाही, असा दंडक. वॉलीचं चित्रण दोनदा लावलं. पडद्यावर इश्बेलचे हातमोज्यांतले हात घाई न करता, एकही हालचाल वाया न घालवता शिवत होते. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "असं मला कधी जमणार?"

विभागप्रमुख फर्गस लीथ यांनी तिला नंतर खोलीत बोलावलं. माणूस आवाजाने दांडगा, मनाने मऊ.

"नावं ठेवायला जागा नाही पोरी तुझ्या हाताला. तरी तीन गेले. मला वर उत्तर द्यावं लागतं. ईस्टरपर्यंत तू ऑपरेशन थिएटरमध्ये यायचं नाही. त्याऐवजी देहदानाच्या प्रयोगशाळेत, माझ्या अभ्यासात ये."

"मेलेल्यांवर शिवायला?"

"मेलेल्यांवर सगळेच शिवतात. पण मेलेल्यांवर ज्याचा हात उत्तम, त्याचेच जिवंत रोगी जास्त जगतात का, हे आपल्याकडे कुणी नीट तपासलंय? तू तिथे उत्तम ठरलीस, की मी छातीठोकपणे तुला परत आणीन."

तिने मान हलवली. न हलवून सांगते कुणाला? ऑपरेशनखेरीज तिला काही येत नव्हतं. लग्न केलं नाही, बाग लावली नाही, साधं विणायलासुद्धा शिकली नाही. थिएटर गेलं तर उरलं काय?

देहदानाची प्रयोगशाळा टेकडीच्या उतारावर. उंच खिडक्या, धुतलेली फरशी, आणि आंबूस म्हणावा असा एक वास, जो थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. इथे जपलेले देह लाकडासारखे कडक होत नाहीत. झोपलेल्या माणसासारखे मऊ राहतात, कोपरात हात वाकतो, कातडी चिमटीत येते. जेसी टॉश या सगळ्यांची राखणदारीण. रोज सकाळी पडदे सरकवताना ती टेबलांना "काय मंडळी, झाली का झोप?" असं विचारायची.

"आल्या का डॉक्टरीणबाई!" ती इश्बेलला म्हणाली.

"डॉक्टर नाही. मिस गथ्री."

"हो, हो, विसरलेच. इकडे सर्जनला मिस्टर नाहीतर मिसच म्हणायचं, डॉक्टर म्हटलं की राग येतो. मूळचे न्हावी ना तुम्ही! ही बघ, खिडकीपाशी तुझी म्हातारी. नावं आम्ही सांगत नाही. नीट वाग हो तिच्याशी, मला आवडते ती."

म्हातारी लहानखुरी होती. डाव्या पायाची दोन बोटं फार पूर्वी कापलेली, आणि त्याच पायाच्या टाचेला एक जुनाट, खोलगट जखम. मधुमेहाची. इश्बेलने पोट उघडलं, आतडं कापलं, जोडलं. फर्गसच्या पद्धतीप्रमाणे त्यात निळं पाणी भरून दाब वाढवत नेला. शिवण बरीच तगली. मग तिने पोट पुन्हा शिवलं, कारण आठवड्याने हीच परीक्षा परत घ्यायची होती. हातमोजे काढताना बोटावरची पट्टी सुटून आली. तिने दुसरी लावली.

आठवड्याने बाकीच्या सर्जनांच्या शिवणी आधीपेक्षा लवकर गळल्या. मेलेलं आतडं दिवसागणिक सैल पडतं, त्यात नवल नाही. इश्बेलची मात्र गळेना. फर्गस दाब वाढवत राहिले, आणि शेवटी आतडं फाटलं ते भलत्याच जागी, चांगलं वीतभर लांब. शिवण तशीच.

"याला म्हणतात हात!" फर्गस टाळी वाजवत म्हणाले आणि दाबाचा आकडा सांगायला फोनकडे धावले.

जेसीने टाळी वाजवली नाही. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "जरा इकडे ये."

तिने म्हातारीच्या पोटावरचं कापड बाजूला केलं. त्या दिवशी आत जाण्यासाठी नवी चीर दिली होती. शेजारी मागच्या आठवड्याची होती. तिथे एक गुलाबी रेघ दिसत होती.

"सकाळी टाके काढायला गेले," जेसी म्हणाली, "तर धागे निघेनात. कातडी धरून बसली होती."

"औषधाचा रंग असेल."

"मी इथे तुझ्या शाळेच्या दिवसांपासून आहे गं. रंग मला कळतो." मग तिने पायावरचं कापड वर केलं. टाचेचा खळगा उथळ झाला होता. कडेने नवी कातडी येत होती, लहान मुलाच्या ओठासारखी पातळ.

"कुणाला बोललीस?"

"काय बोलू? रिटायर व्हायला थोडंच राहिलंय माझं. वेडी ठरून नाही जायचंय मला." जेसी हसली, पण डोळे हसले नाहीत. "तूच काय ते बघ. तुझा हात लागलाय तिला."

इश्बेलने म्हातारीच्या दंडावर नखाएवढी चीर दिली आणि दोन टाके घातले. शेजारी तशीच चीर तिने जेसीला द्यायला लावली, जेसीलाच शिवायला लावली. दोन दिवसांनी दोघी खिडकीच्या उजेडात वाकून बघत होत्या. जेसीची चीर राखाडी, टाक्यांमध्ये ओठ उघडे. इश्बेलची मिटलेली.

तिने धागा कापून काढला. त्या जागी रक्ताचा एक ठिपका वर आला.

जेसीने तो कापसाने टिपला आणि कापूस खिशात घातला. इश्बेलला कितीतरी वेळ वॉलीच्या पोटातल्या त्या स्वच्छ कडा दिसत होत्या. जिवंत माणसात तिची शिवण मेल्यासारखी पडून राहत होती. आणि इथे, मेलेलीच्या अंगात, तीच भरून येत होती.

संध्याकाळी घरी तिने बोटावरची पट्टी काढली, बराच वेळ बघत बसली आणि नवी लावली.

ईस्टर झाल्यावर फर्गस हसत हसत आले. "सगळ्यांत वरचा आकडा तुझा. दुसरा तुझ्या जवळपासही नाही. मंगळवारपासून थिएटर तुझं. पहिली रोगी कॅट्रिन बेन, बस चालवते, दोन मुली आहेत. तिने तुझंच नाव घेतलंय."

इश्बेल कॅट्रिनला भेटायला गेली. धिप्पाड, तांबड्या केसांची, भीती लपवायला सारखी विनोद करणारी बाई. "बावीस नंबरची बस मी चढावर बर्फातसुद्धा न थांबवता नेते," ती म्हणाली, "आणि सुई बघितली की गळाठते. पण तुम्ही आहात म्हटल्यावर मला घोर नाही. करणार ना तुम्हीच?"

इश्बेलने तिचा हात हातात घेतला. गरम होता, घामेजलेला, आणि अंगठ्याजवळ नुकतीच भरून आलेली खरचटल्याची खूण होती. ती त्या खुणेवरून नजर काढू शकली नाही.

"नाही," ती म्हणाली. "लीथसाहेब करतील. ते माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"खोटं बोलता."

"शपथ घेऊन सांगते. खोटं नाही."

फर्गस तापले. "आकडा तुझ्या बाजूने, मी तुझ्या बाजूने, आणि तू शेपूट घालतेस? कारण तरी सांग!"

"आकडा मेलेल्यांचा आहे, फर्गस."

"मग?"

"मग तेवढंच. मी जिवंत माणसाला यापुढे हात लावणार नाही."

त्यांना वाटलं, वॉलीच्या मरणाने पोरीचं धैर्य खचलं. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि त्यांचेच डोळे भरून आले. कॅट्रिनचं ऑपरेशन त्यांनी केलं. शिवण जरा वाकडी आली म्हणे. दोन आठवड्यांनी ती घरी गेली.

मे महिन्यात देहदान करणाऱ्यांसाठी प्रार्थना असते. वर्षभरात ज्यांच्यावर सर्जन शिकले, त्यांचे नातेवाईक चर्चमध्ये येतात. कुणाचा देह कुठल्या टेबलावर होता हे कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. नंतर शेजारच्या दालनात चहा आणि लोणी घातलेली बिस्किटं. इश्बेल दाराशीच उभी होती. तिला आत जायचं धाडस होत नव्हतं, आणि निघूनही जाववत नव्हतं.

पांढऱ्या केसांची एक बाई चहाचा कप सांभाळत तिच्यापाशी आली. "मी मोरा पेट्री. माझी आई होती यांच्यात. तुम्ही शिकवता का इथे?"

"शिकत होते."

"आईला फार हौस होती द्यायची. म्हणायची, जिवंतपणी काही भरून आलं नाही, निदान कुणाला शिवायला तरी उपयोग होऊ दे." मोरा हसली. "साखरेचा आजार. दोन बोटं काढली पायाची. टाचेची जखम मी रोज सकाळी धुऊन बांधायची, वर्षानुवर्षं. मी नर्स होते ना, पण माझ्या हातून कधी भरली नाही ती. तेवढं एक मनाला लागून राहिलंय."

काय सांगायचं नसतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"भरली," ती म्हणाली.

"काय?"

"टाच. पूर्ण भरली त्यांची."

मोरा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने कप खिडकीत ठेवला. डोळे पुसले. "खोटं असलं तरी बरं वाटलं गं ऐकून," ती म्हणाली आणि इश्बेलचा हात दोन्ही हातांत धरला.

धरला तशी तिची नजर बोटावर गेली.

"ही पट्टी बघ कशी मळलीये! थांब. माझ्या पर्समध्ये असतात नेहमी. सवय जात नाही."

"नको, राहू द्या."

पण म्हाताऱ्या नर्सेस कुणाचं ऐकतात? मोराने पट्टी सराईतपणे सोलून काढली आणि रक्त टिपायला रुमाल पुढे केला. टिपायला काही नव्हतं. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या, फिकट.

"चांगलंच खोल आहे की गं. आज सकाळीच कापलंस ना?"

"हो," इश्बेल म्हणाली. "सलगम चिरताना."

मोराने नवी पट्टी घट्ट गुंडाळली आणि वरून आईच्या मायेने दाबली.

"काळजी करू नकोस. तरुण आहेस. दोन दिवसांत भरेल."