डावखुऱ्या हाताचा टाका

"हा टाका कुणाचा?"

मास्तरांनी पँट उलटी करून कापायच्या टेबलावर आपटली आणि शिवणीवर बोट ठेवलं. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आतल्या खोलीच्या दारात सासूबाई पाण्याचं भांडं हातात घेऊन उभ्या होत्या, आणि खाली मान घालून काजं करत बसलेल्या वहिनीची सुई कापडात अर्धी रुतून तिथेच थांबली...

शिंप्याच्या घरात हा प्रश्न काही साधा नसतो! अक्षरावरून माणूस ओळखावा तसे मास्तर टाक्यावरून हात ओळखायचे. त्यातून वहिनी डावखुरी. साऱ्या जगाचा टाका एकीकडे कलायचा, हिचा दुसरीकडे. लग्न झालं त्या वर्षी मास्तर तो टाका उजेडात धरून हसत म्हणाले होते, "तू हरवलीस तरी काळजी नाही, शिवणीवरून शोधून आणीन." आज तोच टाका धाकट्या भावाच्या पँटमध्ये सापडला होता. तोही कुठे, तर आतून, दोन पायांच्या मध्ये, सीटच्या शिवणीला! मशीनची शिवण उसवून कुणीतरी ती अर्धा इंच सैल केली होती आणि हातानं, घाईघाईनं, बारीक टाक्यांनी पुन्हा शिवली होती.

"माझाच," वहिनी म्हणाली.

"त्याच्या पँटला? इथं? आणि मला न सांगता?"

"त्यांना घट्ट होत होती."

"तो स्वतः शिंपी आहे! आजवर मशीनवर पँटीच शिवत आलाय. स्वतःची त्याला सैल करता येत नाही?"

वहिनीनं कापडात अडकलेली सुई ओढून काढली. दारातून सासूबाईंचा सुस्कारा आला, आणि त्या सुस्काऱ्यात सगळं काही होतं. बारा वर्षांत या सुनेनं घराला मूल दिलं नाही, हे त्या उठता-बसता बोलून दाखवायच्याच. आता आणखी एक विषय मिळाला.

खरं सांगायचं तर संशय आधी वहिनीच्याच मनात आला होता. तेवीस वर्षांचा दीर, तो मशीनवर बसेनासा झाला, उभ्यानं इस्त्रीच करायला लागला, न्हाणीघरात तासन्‌तास कोंडून घ्यायला लागला, चालून आलेल्या मुलीला न बघताच नाही म्हणाला... तेव्हा तिला वाटलं, पोरगा कुठल्यातरी वाईट संगतीला लागला. दोन आठवडे तिनं त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. आणि एका दुपारी इस्त्रीच्या टेबलामागे तो गुडघे पोटाशी घेऊन बसलेला दिसला, ओठ दातांत दाबलेले, चेहरा घामानं भिजलेला.

"काय झालंय भावजी? खरं सांगा. माझी शपथ आहे!"

तो आधी चिडला, मग लाजला, मग लहान मुलासारखा रडला. डाव्या बाजूची गोटी तीन महिन्यांपासून मोठी होत चालली होती. टणक झाली होती. एरवी नुसतं ओझं लटकल्यासारखं वाटायचं, पण पायानं मशीन चालवली की कळ थेट पोटात जायची. का झालं, कशानं झालं, त्याला काही उमगत नव्हतं. आपल्याच हातून काही पाप घडलं असेल, असं तो रोज मनात म्हणायचा.

"अहो, हे पाप नाही, दुखणं आहे! तुमच्या दादांना सांगू, आजच डॉक्टरकडे जाऊ."

"नाही वहिनी! दादाला नाही, आईला तर मुळीच नाही. मूल नाही म्हणून आई तुम्हाला काय काय बोलते ते मी दहा वर्षं ऐकतोय. उद्या माझ्याबद्दलही तेच... मला नाही सोसणार. तुमच्याएवढं बळ नाही माझ्यात."

त्या शेवटच्या वाक्यानं वहिनीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. या घरात तिचं सोसणं कुणी मोजत होतं तर! तिनं वचन दिलं. त्याला मशीनवर बसवेना म्हणून दुपारी सगळे लवंडले असताना तिनंच त्याची पँट सैल करून दिली, आणि दोनदा त्याला दवाखान्यात नेलं. मशीनचा आवाज होईल म्हणून हातानं शिवलं, एवढीच तिची चूक. नवरा टाका ओळखतो, हे ती भीतीपोटी विसरली.

त्या दिवसापासून मास्तर घरातल्या घरात पहारेकरी झाले. वहिनी पाणी भरायला गेली तर मागोमाग खिडकीशी, धाकटा आत गेला तर कात्री खाली ठेवून कान टवकारलेले. बोलणं बंद. कुठंतरी पाणी मुरतंय असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायच्या. त्यात समोरच्या लाँड्रीवाल्यानं उत्साहानं बातमी आणली, "मास्तर, परवा वहिनी आणि धाकटे दवाखान्यातून बाहेर पडताना दिसले. सगळं बरं आहे ना?"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं आणि वहिनीसमोर उभे राहिले.

"दिवस गेलेत?"

क्षणभर तिला अर्थच कळला नाही. कळला तेव्हा पायाखालची जमीन सरकली. बारा वर्षं या एका शब्दासाठी तिनं टोमणे गिळले, उपचार केले, कडू औषधं घेतली... आणि तोच शब्द आज असा, कलंक होऊन यावा!

"अहो, काय बोलताय हे? दिवस गेले असते तर तुम्हीच पहिल्यांदा आनंदानं..."

"आनंदानं?" मास्तर विचित्र हसले. त्या हसण्यात राग होता, पण रागापेक्षाही काहीतरी जास्त होतं, ते तिला त्या वेळी ओळखता आलं नाही. "मला फसवू नकोस. उद्या तुझ्या भावाकडे निघून जा."

तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. एक वाक्य, आणि ती निर्दोष ठरली असती! पण आतल्या खोलीत धाकटा भिंतीला टेकून उभा होता, आणि दाराच्या फटीतून त्याचे डोळे तिला विनवत होते. ते वाक्य ती तसंच गिळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती भावाकडे न जाता आधी दवाखान्यात गेली. सोनोग्राफीचा रिपोर्ट मिळायचा होता आणि धाकट्याला एकटं सोडणं तिच्यानं होईना. दोघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जेमतेम बसले, तोच दार धाडकन उघडलं. दारात मास्तर! गळ्यात मापाची टेप तशीच, धापा टाकत. रंगेहाथ पकडायला ते गल्लीपासून मागावर होते.

"सापडलात!" ते ओरडले. "आता बोला!"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून शांतपणे पाहिलं. "तुम्ही पेशंटचे मोठे भाऊ ना? बरं झालं आलात, मी यांच्याकडे दोनदा निरोप दिला होता. बसा. यांच्या डाव्या वृषणात गाठ आहे. ऑपरेशन लवकर करायला हवं. वेळेत आलेत, बरे होतील."

मास्तर उभेच राहिले. वृषण... गाठ... पेशंट... त्यांची नजर भावाकडून बायकोकडे आणि पुन्हा भावाकडे गेली. धाकट्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

"दादा, वहिनींना मीच गप्प बसवलं होतं. त्यांनी माझ्यासाठी तुझं सगळं ऐकून घेतलं..."

"एक विचारते," डॉक्टरीणबाई कागद ओढत म्हणाल्या, "नीट आठवून सांगा. वडिलांना, भावाला, कुणाला असा काही त्रास? जन्मापासून एक बाजू खाली न उतरलेली, असं काही? मला खरं कळलं तर यांच्या दुसऱ्या बाजूकडेही नीट लक्ष ठेवता येईल."

नाही म्हणणं किती सोपं होतं! वहिनी पाहत होती. गळ्यातली टेप मास्तरांनी मुठीत इतकी आवळली की बोटं पांढरी झाली. मग त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाले,

"मला. माझी उजवी बाजू कधी उतरलीच नाही, आणि डावीतही दोष आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तपासून घेतलं. मूल होण्याची आशा जवळजवळ नाही, असं सांगितलं मला."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या वर्षी! म्हणजे दहा वर्षं यांना ठाऊक होतं. सासूबाई चारचौघांत तिला वांझ म्हणायच्या तेव्हा हे शेजारी बसून कापडावर खडू ओढत असायचे. म्हणूनच काल दवाखान्याचं नाव ऐकून यांच्या मनानं थेट 'मूल दुसऱ्याचंच असणार' इथं उडी घेतली... वहिनी उठली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. रडूसुद्धा येईना तिला.

थोड्या वेळानं मास्तर बाहेर आले, तिच्या पायाशी जमिनीवरच बसले. "मी नीच आहे. मला भीती वाटायची... कळलं तर तू सोडून जाशील. मला माफ कर!"

"माझी माफी नंतर," ती म्हणाली. "आधी आईंना सांगा. तुमच्या तोंडानं."

त्यांनी तिथूनच फोन लावला. येणारे-जाणारे थांबून बघत होते, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. "आई, दोष माझ्यात आहे. पहिल्यापासून. तिच्यात काही नाही. ऐकलंस का? तिच्यात काही नाही!"

धाकट्याचं ऑपरेशन चार दिवसांनी झालं. गाठ काढली, ती पसरलेली नव्हती. एका बाजूनंही संसार होतो, मुलं होतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला आणि लगेच टाके दुखले म्हणून कण्हला. त्याच सकाळी मास्तरांचीही तपासणी ठरली होती, कारण वर राहून गेलेली बाजू तशीच सोडून देणं धोक्याचं असतं, असं त्यांना बजावलं होतं.

तपासणीच्या खोलीतून नर्स डोकावली. "मास्तरांबरोबर कोण आहे? घाबरलेत फार, कुणीतरी आत या."

बाकावरून सासूबाई चटकन उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मग मागे वळल्या. "सूनबाई, तू जा. माझं तोंड... मी तुला जे जे बोलले ते आता परत कसं घेऊ गं?"

वहिनीनं त्यांचा हात धरून त्यांना फक्त बाकावर बसवलं, आणि ती आत गेली.

मास्तर टेबलावर आडवे होते, डोळे छताला लागलेले. तिला पाहताच त्यांचा बांध फुटला.

"मला वाटलं, तू येणार नाहीस."

"मी रागावलेय," वहिनी म्हणाली, आणि आता कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "खूप रागावलेय. दहा वर्षांचा राग आहे, एका माफीनं जाणार नाही, तुम्हाला तो रोज सोसावा लागेल... पण घाबरू नका. मी इथंच उभी आहे."

तिनं आपला डावा हात पुढे केला, आणि मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.