स्टुलासमोरचा खडू

मला गोष्टी रचता येत नाहीत. आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलं. जे घडलं तेवढंच सांगतो. पटलं तर घ्या.

गेल्या हिवाळ्यातला रविवार होता. भर दुपार. जागा, माझ्या मुलीच्या शाळेतली चित्रकलेची खोली.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी तिने चित्रकला घेतली होती. परीक्षेला एक मोठं चित्र द्यायचं, माणसं समोर बसवून काढलेलं. तिने विषय निवडला, आई-बाबा. मी खुर्चीवर, ही शेजारच्या स्टुलावर.

हिला एका जागी बसवणं म्हणजे पारा मुठीत धरणं. सारखी बोटं मोडायची. कट... कट... वर टोमणा मलाच. "यांचं बरंय, यांना पुतळा व्हायला शिकवावं लागत नाही."

चित्र अर्धं असतानाच ही आजारी पडली.

आणि गेली.

फोटोवरून पूर्ण करू का, असं मुलीने सरांना विचारलं. सर म्हणाले, फोटो नको. समोर दिसतं तेवढंच काढ. स्टूल रिकामं असेल तर रिकामंच काढ.

तिने नवा कागद लावला. सोमवारी चित्र द्यायचं होतं. नाही दिलं तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

वॉचमनने आम्हाला आत सोडलं आणि बाहेरून कुलूप लावलं. पाच वाजता उघडतो म्हणाला. खिडक्यांना गज होते.

मुलीने माझ्या बुटांभोवती खडूने रेघ ओढली. मध्ये उठलो तरी पाय परत त्याच जागी यावेत म्हणून. शेजारी, जरा मागे, स्टूल ठेवलं.

"समोरच्या खिळ्याकडे बघा, बाबा. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही."

मी खिळ्याकडे बघत बसलो. कागदावर कोळशाची खरखर चालू झाली.

मग स्टूल कुरकुरलं...

लाकूड आहे, वाजायचंच. मी स्वतःला समजावलं.

कट...

कट...

उठून पळावंसं वाटलं. पण जाणार कुठे? दाराला कुलूप. आणि हललो तर पोरीचं चित्र बिघडणार.

मी खिळ्यावरच नजर ठेवली. मान वळवली नाही.

मुलगी मला डोळ्याच्या कडेने दिसत होती. एक डोळा मिटून, हात लांब धरून, पेन्सिलीने मापं घेत होती. आधी माझं डोकं मापलं. मग पेन्सिल बाजूला सरकली. स्टुलावर आली. वर गेली. आणखी वर...

रिकामं स्टूल एवढं उंच नसतं.

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. हात मात्र थांबत नव्हता.

"काय काढतेस?" मी ओठ न हलवता विचारलं.

"दिसतंय ते," ती म्हणाली. "बोलू नका, बाबा."

किती वेळ गेला कोण जाणे. माझे पाय बधिर झाले. शेवटी बाहेर कुलूप वाजलं. त्या आवाजाने माझी मान आपोआप वळली...

स्टूल रिकामं.

कागदावर मात्र ही बसली होती. अंगात माझा चॉकलेटी स्वेटर, वरचं बटण तुटलेला.

थंडी वाजते म्हणाली म्हणून हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी तो मीच हिला घातला होता. मुलगी तेव्हा मावशीकडे होती. तिने तो हिच्या अंगावर कधी पाहिलाच नाही. स्वेटर हिच्याबरोबरच गेला.

मी खाली बघितलं. स्टुलासमोर फरशीवर खडूची रेघ होती. दोन अनवाणी पावलांभोवती ओढलेली. बोटंन् बोटं दिसत होती.

"ही कधी काढलीस?"

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

"मी फक्त तुमची काढली, बाबा."

चित्राला चांगले गुण मिळाले. मुलगी पुढे शिकायला दुसऱ्या गावी गेली. आता घरी मी एकटाच.

परवा संध्याकाळी माझ्या खुर्चीशेजारी, जरा मागे, फरशीवर तशीच पावलांभोवती ओढलेली खडूची रेघ दिसली. आमच्या घरात खडू नाही.

आता मी रोज त्या खुर्चीत बसतो. दार सताड उघडं असतं. तरी उठवत नाही.

अंधारायला लागलं की शेजारी सुरू होतं... कट... कट...

मी मान वळवत नाही.

वळवली की जागा रिकामी दिसते. ते मी एकदा बघितलंय.