साडेचार मिलिमीटर

आमच्या घराण्यात थापा मारण्याची रीत नाही. घडले तसेच सांगते. बोईसरजवळच्या, समुद्राकाठच्या नवापूरची माझी भाची भाग्यश्री, तिच्या घरची ही हकीगत. रात्र नव्हे, गेल्या मार्गशीर्षातल्या बुधवारची भर दुपार. जागा, पालघरचे एक स्कॅन सेंटर.

भाग्यश्रीच्या लेकीचा, तेजलचा, जबडा वाकडा. दोन वर्षे पोरीला भाकरीचा तुकडा तोडता येत नव्हता. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती. त्याआधी कवटीचे त्रिमितीय चित्र काढून हाडे मोजायची होती.

बोईसरच्या चित्रात हनुवटी साडेचार मिलिमीटर डावीकडे सरकलेली.

खात्रीसाठी सर्जनांनी पालघरला दुसरे काढून घेतले. त्यातही साडेचारच.

पण... उजवीकडे.

"मी हाडावर करवत चालवतो, बाई," सर्जन कडाडले. "आधी बाजू ठरवून आणा!"

भाग्यश्री लेकीला घेऊन तणतणत सेंटरवर परतली. "डावं-उजवं कळत नाय तुमाला? पोरीचा जीव टांगणीला लावलाय!"

यंत्र चालवणारा जितेश वैतागला. "काकी, बोईसरला पेशंट उत्तरेकडं तोंड करून उभा राहतो, आमच्याकडं दक्षिणेकडं. म्हणून काय हाड फिरतं? होकायंत्र हाय का ते?"

भाग्यश्री बोटांवर दिशा मोजू लागली.

उत्तरेकडे तोंड केले की डावीकडे... दक्षिणेकडे केले की उजवीकडे...

दोन्ही वेळी पश्चिम. दोन्ही वेळी समुद्र.

"तेजल, यंत्रात काय झालं गं?"

"कोणीतरी हाक मारली, आई. दोनी ठिकाणी. मी मान नाय हलवली, पट्टा बांधलेला. पण कानापाशी आवाज झाला..."

"कसला?"

"कट्."

त्याच पावली भाग्यश्रीने लेकीला सर्जनांकडे नेले. फिरत्या खुर्चीत बसवून तिचे तोंड पश्चिमेकडे वळवले.

कट्.

सर्जनांनी मोजपट्टी लावली. हनुवटी बरोबर मधोमध. फरक शून्य.

"जबडा सरळ आहे. मग आलात कशाला?" त्यांनी फाइल मिटली. सोमवारची तारीख दुसऱ्याला गेली.

त्यानंतर भाग्यश्रीने किती उंबरे झिजवले! एक म्हणे यंत्राची चूक, दुसरा म्हणे यंत्र चालवणाऱ्याची. पोरीकडे धड कोणी पाहिले नाही. ती समुद्राकडे तोंड करून बसली की दात जुळत, भाकरी तुटे. शेवटी हात टेकून भाग्यश्रीने तेवढ्यावरच समाधान मानले.

परवा न्याहारीला तेजल तशीच बसली. समोर समुद्र. घास तोंडाशी नेला...

कट्.

दात जुळले नाहीत. हनुवटी डावीकडे वळली होती.

डावीकडे समुद्र नाही.

डावीकडे माजघराचे दार आहे.

भाग्यश्रीचा फोन आला तेव्हा मी तिला दरडावले, "रडतेस काय? आधी ते दार लावून घे!"

पलीकडून कडी चाचपल्याचा आवाज आला.

"लावलेलंच हाय, मावशी..."