भिंतीवरची डोरीन

डोरीन हाल्व्हर्सनचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, चेहरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा होता. हॉलिवूडजवळच्या बरबँकच्या बाजारात ती टोमॅटो निवडत असली, की हमखास कुणीतरी थबकायचं. "अहो, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय! आमच्या चर्चमध्ये का?" चर्चमध्ये कसलं! एक्केचाळीस वर्षांत तिने परिचारिका, घरमालकिणी, शेजारणी, खडूस कारकून बायका अशा दोनशेच्या वर भूमिका केल्या होत्या. बहुतेक दोन-तीन वाक्यांच्या. दुपारी टीव्हीवर जुन्या मालिका लागत, तेव्हा सूपचा वाडगा घेऊन ती समोर बसे आणि तरुणपणच्या स्वतःला दार उघडताना बघे. आयुष्यभराची कमाई म्हणजे तो चेहरा.

मंगळवारी तिच्या एजंटचा, आयराचा फोन आला. नव्या मालिकेत नायकाची सासू, एकोणीस प्रसंग, आणि सुरुवातीच्या नामावलीत नाव! डोरीन स्वयंपाकघरात एकटीच नाचली. बुधवारी पुन्हा फोन वाजला.

"डोरीन, काम गेलं गं."

"गेलं म्हणजे? काल तर दिलं होतं!"

"पहिला भाग झालाय चित्रित करून. त्यात नायकाच्या घरात त्याच्या मेलेल्या आईचा फोटो लावलाय भिंतीवर. तो तुझा आहे. एकच बाई मेलेली आईही आणि जिवंत सासूही, कसं चालायचं?"

"मी असला फोटो काढलेलाच नाही!"

"मी पाहिलाय. तूच आहेस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं इतरांच्या पाठीमागे ट्रे धरून उभं राहायचं, आणि तोंडाशी आलेला घास कुठल्याशा फोटोने पळवायचा? न विचारता, न सांगता?

तो फोटो जिथून आला होता, त्या चित्रीकरणाला सामान भाड्याने देणाऱ्या गोदामात ती भर दुपारी पोचली. आत दिवे, पलंग, खोट्या पदव्या, आणि एका अख्ख्या भिंतीला चौकटीतले खोटे नातेवाईक. गल्ल्यावरचा म्हातारा तशजियन तिला बघून उभाच राहिला.

"मला वाटलं, तुम्ही..."

"मेले?"

"तसं नाही, बाई. म्हणजे... हो."

त्याने चौकट आणून ठेवली. पिवळ्या फरश्यांच्या स्वयंपाकघरात डोरीन बसली होती. अंगात निळं लोकरी जाकीट, हातात कान तुटलेला कप, चेहऱ्यावर गोड हसू. असलं जाकीट तिने जन्मात घातलं नव्हतं. पण हनुवटीखालची सैल कातडी तिची होती, आणि कपाळावरची पांढरी बटसुद्धा. ती बट तर गेल्या वर्षी आली होती.

"कधीचा हा?"

"मी इथे लागलो तेव्हा होताच. एकतीस वर्षं झाली."

"चक्क खोटं बोलताय!"

त्याने कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला. फोटो वापरायची परवानगी. खाली सही होती आणि ती तिचीच होती. डोरीनने गल्ल्यावर हात आपटला. गेल्याच थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या तव्याने उजव्या तळहातावर पडलेला चंद्रकोरीसारखा डाग झणझणला.

"मी हा घेऊन चाललेय. बोलवा पोलीस."

तशजियनने कुणालाच बोलावलं नाही. घरी आल्यावर तिने चौकट भिंतीकडे तोंड करून उभी केली.

शुक्रवारी आयराचा आवाज फुलला होता. "फोटो नेलास ना? पुढच्या भागांना तो मिळेना, म्हणून त्यांना भिंतीचा प्रसंग पुन्हा घ्यावा लागतोय. सोमवारी सकाळी बोलावलंय तुला!"

"भांडल्याशिवाय या गावात काही मिळत नाही, आयरा," ती म्हणाली. तिला खरंच फार बरं वाटलं.

सोमवारी एका मुलीने तिच्या खांद्यांवर जाकीट चढवलं. निळं. दुसरीने तिला चित्रीकरणासाठी उभारलेल्या स्वयंपाकघरात नेऊन खुर्चीवर बसवलं. फरश्यांचा पिवळा रंग अजून ओला होता. टेबलावर कान तुटलेला कप होता.

"माझी वाक्यं कुठायत?" डोरीनने विचारलं.

छायाचित्रकार भिंग पुसत होता. "वाक्यं नाहीत, बाई. भिंतीवरचा फोटो तुम्ही नेलात, म्हणून नवा काढायचाय. सासू कालच दुसऱ्या बाईंना दिली. हं, कप घ्या. जरा गोड हसा."

ती उठली. जाकीट खुर्चीवर भिरकावलं. कप आपटून ठेवला.

"नाही हसणार! हा चेहरा माझा आहे. तुम्हाला मिळणार नाही, कध्धी नाही!"

आणि तिने उजवा हात चेहऱ्यासमोर धरला.

कळ दाबल्याचा आवाज झाला.

"झालं," तो म्हणाला. "छान."

घरी येताच तिने चौकट वळवली. काचेवरची धूळ जशीच्या तशी होती. आत पिवळ्या फरश्या, खुर्चीवर निळं जाकीट, टेबलावर कप. आणि चेहऱ्यासमोर हात धरून उभी असलेली एक बाई.

तिने गोदामाला फोन लावला. "मी नेलेला फोटो आठवतो? कसा होता?"

"हात वर केलेल्या बाईचा ना?" तशजियन म्हणाला. "पहिल्यापासून तसाच आहे तो. कोण बोलतंय?"

तिने फोन ठेवला. दुपारचे दोन वाजले होते. सवयीने तिने टीव्ही लावला.

तीस वर्षांपूर्वीची मालिका. इस्पितळाचं दार उघडलं, ट्रे घेऊन परिचारिका आत आली. "डॉक्टर येतायत," ती म्हणाली. आवाज डोरीनचा होता. ट्रे डाव्या हातात होता. उजवा हात चेहऱ्यासमोर होता.

तिने वाहिनी बदलली. घरमालकिणीने दार किलकिलं केलं, हात चेहऱ्यासमोर धरून.

पुन्हा बदलली. कुंपणापलीकडची शेजारीण तशीच.

डोरीन पडद्याजवळ गेली, अगदी नाक लागेपर्यंत. त्या तरुण शेजारणीच्या तळहातावर चंद्रकोरीसारखा भाजल्याचा डाग होता.