पहिला आलेला फिल्टर

“तंबू झाला, दोऱ्या झाल्या, बॅटऱ्या झाल्या, आपण तिघं झालो...”

“दोघं!” स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला. “चिंगी घरी राहणार आहे.”

यादी वाचणाऱ्या कॅप्टनने कागद खाली ठेवला. मामी दातांच्या डॉक्टर होत्या. समोरच्याने आ वासलेला असताना आपण बोलत राहायचं, ही त्यांची रोजची सवय. त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

चिंगीने सॅकमधले कपडे बाहेर काढले. मग पुन्हा आत भरले. सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता. उद्या उजाडताच सगळे डोंगरावर मुक्कामाला निघणार होते. त्यांच्याबरोबर आपण जायचं की कपाटात परतायचं, हे तिच्या कपड्यांना अजून कळलं नव्हतं.

भानगड मागच्या वर्षीच्या सुट्टीतली होती. डोंगरावर झऱ्याकाठी चिंगीने झुडपाची लाल फळं खाल्ली. पुढे तिचं पोट असं काही बिघडलं की तंबू गुंडाळून सगळ्यांना परत यावं लागलं. मामांनी तिला पाठीवरून खाली आणलं. वाटेत त्यांच्या शर्टाचं जे झालं, त्याचं वर्णन इथे नको.

“पण मी थोडीच खाल्ली होती!” चिंगी म्हणाली.

“थोडी खाल्लीस आणि तेवढं बाहेर काढलंस?” मामी म्हणाल्या. “जे दिसेल ते तोंडात घालणाऱ्या मुलीला मी पुन्हा रानात सोडणार नाही. विषय संपला!”

विषय संपला, तशी चिंगी पुन्हा सॅकमधले कपडे बाहेर काढू लागली. कॅप्टन तिची सख्खी मोठी बहीण. तिला कॅप्टन कुणी केलं नव्हतं. कुणी करेल म्हणून ती थांबलीही नव्हती. तिने मामेभावाकडे पाहिलं. मामेभावाने नजर चुकवून हातातल्या पेनच्या टोपणात फुंकर मारली. त्याला सगळे फुंक्या म्हणत. भोक असलेली कोणतीही वस्तू फुंकून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“चला रे, पाण्याचा फिल्टर आणायला!” मामांनी दारातून हाक दिली. “यंदा शेजारचे लोकही येणार आहेत. एक फिल्टर पुरायचा नाही. चिंगे, तू पण चल. तेवढाच विरंगुळा!”

मामा पुलांची तपासणी करणारे इंजिनीअर. पुलाला केसाएवढा तडा गेला तरी त्यांना लांबून दिसे. घरात मात्र त्यांना काही दिसत नसे, कारण घरात ते तपासत नसत, फक्त सांगत.

दुकानात तंबू, काठ्या आणि बूट यांच्यामधून वाट काढत सगळे फिल्टरच्या कपाटापाशी पोचले. दुकानदाराने एक नळी उचलली.

“ही बघा साहेब, एकदम हलकी! झऱ्यात टोक बुडवायचं आणि ओढायचं.”

“म्हणजे पाणी प्यायला दर वेळी पालथं पडायचं?” कॅप्टनने विचारलं. “आणि भात कशात शिजवायचा? तोंडाने ओढून पातेल्यात थुंकायचं?”

दुकानदाराने नळी मुकाट्याने जागेवर ठेवली आणि पंप काढला. मामांचे डोळे चमकले. पंपाला दांडा होता, काटा होता, आणि कशासाठी आहे ते न कळणारं एक बटणही होतं.

“हाच!” मामा म्हणाले.

“बाबा, सगळ्यांचं पाणी भरेपर्यंत पंप मारणार कोण?” फुंक्याने विचारलं.

“तू!”

फुंक्या हबकला. कॅप्टनचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या पिशवीकडे गेलं होतं. साधी पिशवी, खाली फिल्टर, त्याला नळी. पिशवीत झऱ्याचं पाणी भरायचं, फांदीला टांगायची आणि खाली भांडं ठेवून पत्ते खेळायचे. कुणी ओढायला नको, कुणी पंप मारायला नको.

“ही चांगली आहे, मामा.”

“छे! यात काही यंत्रच नाही!”

कॅप्टनने फुंक्याच्या कानाशी तोंड नेलं. “फुंक.”

फुंक्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याने कोरा करकरीत फिल्टर उचलला, तोंडाला लावला आणि गाल फुगवले. सूंऽऽ!

“अरे अरे, तोंड लावलंस!” दुकानदार ओरडला. “आता हा मी कुणाला विकू? साहेब, हा तुम्हालाच घ्यावा लागेल!”

अशा रीतीने, साधकबाधक विचार करून, पिशवीवाला फिल्टर निवडण्यात आला.

वस्तू खपल्यावर दुकानदाराचा राग उतरला. त्याने कपाटावरचा नमुन्याचा फिल्टर काढला. त्यातून पाणी ठिबकत होतं. “तुला फुंकायची फार हौस ना? मग हा फुंक. तुझा कोरडा होता म्हणून हवा गेली. हा भिजलेला आहे. आतल्या बारीक बारीक नळ्यांच्या छिद्रांत पाणी असं घट्ट बसतं की हवेला शिरायला जागा नाही!”

फुंक्याने फुंकलं. कान लाल झाले, डोळे बाहेर आले, पण हवा काही जाईना.

“हरलास?” दुकानदार खूश होऊन म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच एका भोकाने फुंक्याला हरवलं होतं. घरी येईपर्यंत त्याने पेनच्या टोपणातही फुंकर मारली नाही.

घरी पोचताच मामांनी फ्रीजर उघडला आणि वाटाण्याच्या पिशवीमागून आपला जुना फिल्टर काढला. त्याच्यावर पांढरं शुभ्र बर्फ चढलं होतं.

“हा फ्रीजरमध्ये?” कॅप्टन थक्क झाली.

“घेतल्यापासून!” मामांनी छाती फुगवली. “सहलीहून आलो की धुतो आणि थेट आत. जंतूंना थंडी सोसत नाही. गारठून मरतात! अशी काळजी कुणी घेत असेल तर दाखव.”

कॅप्टनने वाटाण्याची पिशवी परत जागेवर ठेवली.

मामा दोऱ्या मोजायला गेल्यावर फुंक्याने तो फिल्टर पाण्यात बुडवला, बर्फ वितळू दिलं आणि झटकून तोंडाला लावला. दुकानातल्या पराभवाचा वचपा त्याला काढायचाच होता.

सूंऽऽऽ!

“गेली! हवा गेली! मी जिंकलो!” तो नाचू लागला.

“थांब जरा! हा भिजलेला आहे ना?” कॅप्टनने त्याच्या हातातून फिल्टर ओढून घेतला.

“चांगला भिजलाय.”

“मग हवा जाते कशी? दुकानदार म्हणाला, जायला जागाच नसते!”

फुंक्या नाचायचा थांबला. “मी जास्त जोरात फुंकलं असेल.”

“आता हा फुंक!” कॅप्टनने नवा फिल्टर नळाखाली धरून पुरता भिजवला. फुंक्याने जीव खाऊन फुंकलं. काही नाही! मग पुन्हा जुना. सूंऽऽ!

कॅप्टन खोलीभर येरझाऱ्या घालू लागली. “पाणी गोठलं की फुगतं. धुतलेला फिल्टर फ्रीजरमध्ये ठेवला, तर आतलं पाणी गोठणार. आणि त्या नळ्या...”

“फुटणार!” फुंक्या ओरडला.

“हळू! मागच्या वर्षी यातून गाळलेलं पाणी नक्की कोण कोण प्यायलं? मामा तर नुसता चहावर चहा पीत होते. चहाचं पाणी उकळलेलं. मी घरची बाटली पुरवून पुरवून प्यायले.”

“मी सरबताच्या बाटल्या संपवल्या,” फुंक्या म्हणाला.

दोघांनी एकदमच चिंगीकडे पाहिलं. चिंगी कपडे बाहेर काढता काढता थांबली.

“मी प्यायले,” ती म्हणाली. “मामा म्हणाले, पी पोटभर, एकदम शुद्ध आहे!”

तिघंही धावत मामांकडे गेली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“हवा जाते म्हणजे मोकळा आहे! हे चांगलं लक्षण आहे. झऱ्याचं पाणी यातून कसं लख्ख आलं होतं, आठवतं का?”

झऱ्याचं पाणी फिल्टरमध्ये जाण्याआधीही तितकंच लख्ख होतं, हे कॅप्टनच्या जिभेवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. मामांना पटवणं अवघड, चढवणं सोपं.

“बरोबर आहे, मामा,” ती म्हणाली. “पण नवा फिल्टर जुन्यापेक्षा जोरात चालेल, असं फुंक्या म्हणतोय.”

“कोण म्हणतंय? माझ्या फिल्टरपुढे तो नवा? लावा शर्यत! आत्ता!”

गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीला दोन सारख्या पिशव्या टांगल्या. कुंडीतली माती कालवलेलं पाणी दोन्हींत भरलं. एका पिशवीला मामांचा फिल्टर, दुसरीला नवा. खाली काचेचे दोन ग्लास. गडबड ऐकून मामीही हात पुसत आल्या.

“एक, दोन, तीन!”

मामांच्या फिल्टरमधून धार लागली. नव्यातून टिप्... टिप्... टिप्... मामांनी उड्या मारायला सुरुवात केली. “बघा! बघा! याला म्हणतात निगा!” त्यांचा ग्लास भरला, तेव्हा नव्याच्या ग्लासाचं बूडही नीट झाकलं नव्हतं. मामांनी दोन्ही हात वर केले. “पहिला! पहिला आला!”

“अहो,” मामी म्हणाल्या, “पहिला आला खरा, पण सगळी कुंडी घेऊन आला.”

मामांनी खाली पाहिलं. त्यांच्या ग्लासात चहासारखं पाणी होतं. नव्या ग्लासातलं घोटभर पाणी काचेहून नितळ होतं. मामांचे हात वरच राहिले. ते खाली कसे आणावेत हे त्यांना सुचेना.

कॅप्टनने भराभर सगळं सांगितलं: फ्रीजर, बर्फ, फुटलेल्या नळ्या, आणि मागच्या वर्षी या फिल्टरचं पाणी एकटी चिंगीच प्यायली होती.

मामींनी ग्लास उजेडात धरून फिरवला. “फिल्टर फुटका आहे, मान्य. पण फळं? फळांनीही पोट बिघडलं असेल. ते कसं कळणार?”

चिंगी मान खाली घालून उभी होती. या प्रश्नाचं उत्तर होतं. पण ते दिलं तर उद्या आपल्यालाच घरी बसावं लागेल, हे कॅप्टनला पक्कं ठाऊक होतं. फुंक्यालाही ठाऊक होतं. तो दुसरीकडे बघत होता.

“मामी,” कॅप्टन म्हणाली, “ती फळं मी पण खाल्ली होती. चिंगीपेक्षा जास्त. मला काही झालं नाही.”

मामींच्या भुवया वर गेल्या.

“आणि मी हिच्यापेक्षा जास्त,” फुंक्या पुटपुटला. “दोन्ही खिसे भरून. चिंगीला झाड मीच दाखवलं.”

“आणि वर्षभर दोघं गप्प बसलात?”

चिंगी त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघत राहिली.

मामींनी ग्लास खाली ठेवला. त्या चिंगीसमोर बसल्या. “म्हणजे वर्षभर मी विनाकारण तुला बोलत राहिले. चुकलं माझं, बाळा. सॅक भर.”

“भरलेलीच आहे!” चिंगी किंचाळली. ती निम्मीच भरलेली होती. पण आत धावत जाऊन तिने ती कशी भरली हे कुणाला दिसलंसुद्धा नाही.

“आणि तुम्ही दोघं!” मामी वळल्या. “ओळखीची नसलेली फळं पुन्हा तोंडात गेली तर माझ्याशी गाठ आहे. डोंगरावर भांडी तुम्ही घासायची. सगळ्यांची!” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “पण हुशारीने शोधलंत. आणि घरी बसावं लागेल हे माहीत असून बोललात, ते त्याहून मोठं. शाबास!”

मामांनी अखेर हात खाली आणले. “मी रोज पुलांचे तडे शोधतो,” ते म्हणाले, “आणि माझ्याच फ्रीजरमधला तडा तुम्ही शोधलात. शाबास रे! चिंगे, मी तुला ते पाणी पाजलं. आता तुझी काय भरपाई करू, सांग.”

चिंगीने विचार केला. “डोंगरावर पाण्याची प्रमुख मी. मी सांगेपर्यंत कुणी प्यायचं नाही!”

“कबूल!” मामा म्हणाले. मोठ्या माणसांचा हा एक दोष असतो, ते चटकन कबूल करतात.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात चढण चढून सगळे झऱ्याकाठी पोचले. चिंगीने पिशवी भरली आणि फांदीला टांगली. मामा घामाने निथळत होते. त्यांनी पेला पुढे केला.

“थांबा,” चिंगी म्हणाली. “अजून भांडं भरलेलं नाही.”

“अगं, घोटभर!”

“रांगेत या.”

मामांनी मागे वळून पाहिलं. मामी, शेजारचे काका, काकू, कॅप्टन, फुंक्या, सगळे पेले घेऊन शिस्तीत उभे होते. मामा मुकाट्याने चालत गेले आणि फुंक्याच्या मागे, शेवटच्या जागेवर उभे राहिले.